अँथुरियमचा कौल

माझ्या तेव्हाच्या घरमालकांबद्दल कुणी "झाडांवर भारी जीव होता हो त्यांचा" असं म्हणालं, की माझं डोकं उठतं. त्यांचा जीव झाडांवर नव्हता. परसात माड होते, त्यांच्याकडे ते नारळ पाडण्यापुरते बघत. दारातल्या फणसाला ते "गबाळो" म्हणत. बहिणीने हौसेने लावलेला आबोलीचा वाफा त्यांनी एका सकाळी उपटून टाकला, कारण त्या जागी नारळाची सोडणं, म्हणजे वरच्या साली, वाळत घालायची होती. आणि ही सोडणं कशासाठी, तर अँथुरियमच्या कुंड्या भरण्यासाठी. त्यांचं प्रेम कुठे असलंच तर या एका झाडावर होतं. खरं सांगायचं तर झाडावरही नव्हतं. ते झाड पडवीत असलं की आपण कोण दिसतो, त्या दिसण्यावर होतं.

मी घाटावरचा. फोंडाघाट उतरून मालवण तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावी हायस्कुलात मराठी शिकवायला आलो, तेव्हा ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. भाड्याने खोली मिळेल असं घर गावात हे एकच. पुढे लांबलचक पडवी, आत माजघर, आणि बाजूला मला दिलेली खोली. तिचं दार पडवीतच उघडायचं, म्हणजे जायचं-यायचं ते बावीस कुंड्यांमधून वाट काढत. पहिल्याच दिवशी माझ्या पिशवीचा बंद एका पानाला लागला. मालक आरामखुर्चीतून उठले नाहीत. हातातली वेताची काठी त्यांनी माझ्या पिशवीवर टेकवली आणि म्हणाले, "सदर पडवीतून जाताना सामान डोक्यावर घ्यावे."

हे "सदर" त्यांनी मुंबईहून आणलं होतं. तिथे एका बोट कंपनीच्या गोदामात ते कारकून होते. घरात, बाजारात, भांडणात ते मालवणी बोलत. अँथुरियमचा विषय निघाला की कचेरीतलं मराठी सुरू. "मथू, गो भात करपता मगे!" असं आत ओरडत आणि त्याच दमात कुंडीकडे वळून म्हणत, "सदर रोपास आज पाणी कमी झालेले दिसते." मला आधी वाटायचं गंमत करतात. पण त्या माणसाने जन्मात गंमत म्हणून काही केलं नाही.

मथू म्हणजे त्यांची धाकटी बहीण, मथुरा. विशी उलटता उलटता विधवा होऊन भावाकडे परत आलेली. मी राहायला आलो तेव्हा पस्तिशी ओलांडली असेल. मालकांची बायको केव्हाच वारली होती, त्यामुळे घर मथूताई चालवीत. अँथुरियमही त्याच चालवीत. परसातली विहीर खाडीमुळे मचूळ, आणि या झाडाला मिठाचा अंश सोसत नाही, पानांच्या कडा जळतात. म्हणून पावसाळा सरला की देवळाखालच्या विहिरीचं गोडं पाणी आणायचं, सत्तर पायऱ्या उतरून आणि तितक्याच चढून. दिवसाला बारा कळशा. त्यांतल्या दोन माणसांना, दहा अँथुरियमना. शिवाय सोडणांचे तुकडे करायचे, त्यात कोळसा आणि फुटकी कौलं मिसळायची, पानं ओल्या फडक्याने पुसायची, उन्हाळ्यात माडाच्या चुडतांचा, म्हणजे झावळ्यांचा, मांडव घालायचा. मालक खुर्चीतून काठीने दाखवीत, "हे. आता हे." माझ्या तीन वर्षांत त्यांचा हात कुंडीला लागलेला मी पाहिला नाही. आल्या-गेल्याला मात्र सांगत, "बावीस कुंड्या एकट्यान सांभाळतंय." तेव्हा मथूताई चहाचे कप घेऊन शेजारी उभ्या असत.

हे वेड त्यांना लागलं कसं, ते त्यांनीच मला मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं, आणि त्यात आपली काही नाचक्की आहे हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. कुणाच्या तरी लग्नाला ते गोव्यात गेले होते. तिथल्या एका भाटकाराकडे, म्हणजे जमीनदाराकडे, निरोप द्यायला पाठवलं होतं. भाटकार व्हरांड्यात बसलेला, भोवती लालभडक अँथुरियम. त्याने यांना पायरीवर उभं ठेवलं, बस म्हटलं नाही, निरोप ऐकून मान हलवली आणि पुन्हा पेपर वाचायला घेतला. दुसरा कुणी असता तर घरी येऊन त्या भाटकाराला शिव्या घातल्या असत्या. आमचे मालक मागच्या दारी गेले आणि स्वयंपाक्याला गाठून एक रोप घेऊन आले. येताना एसटीत कुंडी मांडीवर. बांद्याच्या नाक्यावर दारूच्या बाटल्या शोधणाऱ्याने कुंडीतल्या सोडणांत बोट घातलं, तर हे त्याच्यावर इंग्रजीत ओरडले. त्या दिवसापासून पायरीवर कुणाला तरी उभं ठेवणं हे त्यांच्या आयुष्याचं ध्येय झालं.

आणि ठेवलंही त्यांनी. गावकरी आला तर त्याने अंगणातूनच बोलायचं. बँकेतला साहेब, डॉक्टर, पंचायत समितीचा सभापती अशांना पडवीत खुर्ची. मामलेदार आले तर त्यांना फुलाला बोट लावायची मुभा, तीही एकाच बोटाची. गाव त्यांना पाठीमागे "भाटकार" म्हणे, आणि म्हणताना हसे. त्यांना हसू ऐकू येत नसे. भाटकार तेवढं ऐकू येई आणि चेहरा फुलून येई.

अँथुरियमचं फूल पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास एकच प्रश्न विचारतो. मेणचट लाल, चकचकीत, वास नाही, चार-चार आठवडे तसंच. "ह्यां प्लॅस्टिकचां काय वो?" असं विचारणाऱ्याचं त्या घराशी नातं तिथेच संपायचं. एका अधिकाऱ्याच्या बायकोने न विचारता नखाने चिमटा काढून पाहिला. मालक तोंडभर हसले, दारापर्यंत पोचवायला गेले, आणि परत येऊन त्या नखाच्या खुणेसमोर दुपारपर्यंत बसून राहिले. जेवलेसुद्धा नाहीत. वास नाही म्हणून कुणी नाक मुरडलं तर म्हणत, "वास कित्याक व्हयो? वास मोगऱ्याक येता. बाजारात टोपलेत बसता तो मोगरो!"

आमच्या शाळेतल्या शास्त्राच्या मास्तरांनी एकदा त्यांना सरळ मनाने सांगितलं की हे लाल दिसतं ते फूल नव्हे, ते एक रंगीत पान आहे. खरी फुलं म्हणजे मधल्या पिवळ्या दांडीवरचे ते बारीक ठिपके. मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "आपण कायम आहात की तात्पुरते?" मास्तर कायम होते म्हणून वाचले. मी तात्पुरता होतो आणि मालक संस्थेच्या कमिटीवर होते. मी पान-फुलाच्या भानगडीत कधी पडलो नाही. उलट एकदा मी स्वतःहून "काय तेज आहे हो रंगाला!" असं म्हणालो होतो, हे आज आठवलं तरी शरम वाटते.

या माणसाचा दुसरा नाद देवीचा. भक्ती म्हणत असत ते, पण मी तीन वर्षं जवळून पाहिलं. स्वतःच्या तोंडाने नाही म्हणायची त्यांच्यात हिंमत नव्हती. ते काम ते देवीकडून करून घेत. आमच्या घाटावर असा कौल मी पाहिला नव्हता. देवीच्या पाषाणाला पाणी लावून डाव्या-उजव्या अंगाला पिटकुळी या लाल फुलाच्या कळ्या चिकटवायच्या, गुरवाने सगळ्यांदेखत गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नको. गावाचा त्यावर पूर्ण विश्वास. चुलतभावाने सामाईक माडांची वाटणी मागितली, हे म्हणाले, "मी कोण नाय म्हणणारो? देवीक विचारूया." डावा कौल आला. आपलं एवढंसं काम करायलाही देवीला बोलवणारा माणूस मला तेव्हा भित्रा वाटे. तो भित्रा होताच, पण नुसता भित्रा असता तर बरं झालं असतं.

माझ्या तिसऱ्या वर्षी, शिमगा आटोपल्यावर, ग्रामसेवक सांगत आला की जूनपासून गावात बालवाडी निघणार आणि सातवी पास झालेली एक बाई हवी. त्या संध्याकाळी मथूताई माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. तीन वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

"मास्तरानू, माझो एक अर्ज लिवन देतलास काय? मी सातवी पास आसंय. कागद आसा, ट्रंकेत."

कागद पाहिला. घडीवर फाटलेला, पण जपलेला. मी अर्ज लिहिला, माझं अक्षर चांगलं आहे. सही करायच्या आधी त्यांनी माझ्याकडून एक कोरा कागद मागून घेतला आणि त्यावर आपलं नाव सात-आठ वेळा लिहून पाहिलं. मग अर्जावर लिहिलं. म्हणाल्या, "पोरां माका आवडतत. आणि माझां म्हणान कायतरी होतलां." एवढंच बोलल्या. मला फार बरं वाटलं त्या दिवशी, स्वतःविषयी सुद्धा.

मालकांना कळलंच. ते रागावले नाहीत. आरामखुर्चीत मागे रेलून त्यांनी बावीस कुंड्यांकडे नजर टाकली आणि म्हणाले, "बरां तर आसा. पण बायलमाणसान घराभायर पडूचा म्हणजे मोठी गोष्ट. मी कोण नाय म्हणणारो? देवीक विचारूया."

त्यानंतरच्या शनिवारी सकाळची शाळा सुटून मी घरी आलो, तर मालक परसात उकिडवे बसलेले. पुढ्यात दगडी रगडा, त्यावर पाणी शिंपडलेलं, आणि त्याला अँथुरियमचे लाल तुकडे चिकटवलेले. मनगटावरचं घड्याळ काढून मांडीवर ठेवलं होतं. ज्या फुलाला कुणी फुंकर घालू नये, त्याचे त्यांनी कात्रीने तुकडे केलेले पाहून मी चकितच झालो.

"काय चाललंय?"

"सदर फुलाची तपासणी."

मला वाटलं, डोकं फिरलं. वर माझ्यातला शहाणा जागा झाला. मी शेजारी बसलो, दोन-तीन तुकडे पडलेले पाहिले आणि त्यांना शिकवलं, "अहो, सोपं आहे. ताजं फूल ताठ असतं, ते लगेच सुटतं. महिनाभराचं मऊ पडलेलं असतं, ते दगडाला धरून बसतं." त्यांनी पुन्हा करून पाहिलं. तसंच झालं. ते माझ्याकडे बघून हसले. तीन वर्षांत पहिल्यांदाच मला त्यांनी परसातल्या बाकावर बसवून सोलकढी दिली, आणि ती मी मिटक्या मारत प्यालो.

कौलाच्या दिवशी देवळात पन्नासेक माणसं होती. बायका रिवाजाप्रमाणे सभामंडपाच्या खांबांपलीकडे, त्यांत मथूताई. मालकांनी तबक आणलं होतं. तबकात दोन द्रोण, दोन्हींत अँथुरियमचे तुकडे. गुरव म्हातारा, सरळ माणूस. तो म्हणाला, "पिटकुळी आसा मगे झाडार. ह्यां कित्याक?"

"माझ्या घरचो सवाल, माझ्या घरचां फूल," मालक म्हणाले. "देवीक उंची वस्तू नको काय?" मग त्यांनी तबक माझ्या हातात दिलं. "मास्तर घाटावरचे. तिऱ्हाईत माणूस. तेंच्या हातात ऱ्हवांदे, म्हणजे कोणाच्या मनात किंतू नको. ह्यो डाव्या अंगाचो द्रोण, ह्यो उजव्या."

तबक सावरताना माझा अंगठा दोन्ही द्रोणांत लागला. डाव्यातले तुकडे ताठ होते. उजव्यातले मऊ.

मी सांगू शकत होतो. गुरव माझ्यापासून दोन हातांवर होता. तोंड उघडलंही होतं मी. मग कमिटी आठवली, जूनमध्ये निघणारी कायम करण्याची ऑर्डर आठवली, आणि मी तोंड मिटलं. वर स्वतःला समजावलं की आपला कुठे कौलावर विश्वास आहे, जे खोटंच आहे त्यातली लबाडी काढून काय करायचं? शिकलेल्या माणसाला अशी कारणं पटकन सापडतात. समोरच्या माणसाचा मी तीन वर्षं तिटकारा करत होतो, आणि त्याचंच तबक दोन्ही हातांनी धरून उभा होतो.

गुरवाने गाऱ्हाणं सुरू केलं. "आई माऊले, ह्यां तुझां लेकरू तुझ्या पायाकडे उभां आसा. मथून बालवाडीच्या कामाक..."

"थांब," मालक मध्येच म्हणाले. त्यांना पुढचं दिसत होतं. बालवाडी टळली तर उद्या शिवणवर्ग निघेल, परवा आणखी काही. एकदाच कायमचा बंदोबस्त करायचा होता. "बालवाडीचाच कित्याक? सगळ्याचाच विचार. मथून कामाक म्हणान उंबऱ्याभायर पाऊल घालूचा काय नको, तसा विचार."

गुरवाने तसंच विचारलं. "म्हाराजा!" सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" आणि डाव्या अंगाचा तुकडा टपकन खाली पडला. उजव्या अंगाचा हललाही नाही. तो संध्याकाळी गुरवाने नखाने खरवडून काढला, असं नंतर कळलं. मी खांबांकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो. पडवीतून हाक आली, "मथू! पाणी खंय?"

"बावीत आसा," आतून उत्तर आलं. बाव म्हणजे विहीर.

मी दारातून डोकावलो. मथूताई माजघराच्या उंबऱ्याच्या आत, पाटावर बसून तांदूळ निवडत होत्या. मालक पडवीत, काठी हातात.

"बावीत आसा तर हाड, घेवन ये!"

"कसां हाडू? काल देवीन काय सांगल्यान, दादा? कामाक म्हणान उंबऱ्याभायर पाऊल घालू नको. सगळ्या गावान आयकल्यान."

"गो, पाणी हाडूचा तां काय काम?"

"बारा कळश्यो सत्तर पायऱ्यो चडान हाडूच्यो, तां काम न्हय तर काय फुगडी?"

मी तोंडावरचा साबण तसाच ठेवून खोलीत परत गेलो आणि उशीत तोंड खुपसून हसलो. आदल्या दिवशी गप्प राहिल्याची टोचणी त्या हसण्यात थोडा वेळ बुडाली.

मालकांना वाटलं दोन दिवसांत उतरेल. मथूताई मुळीच भांडल्या नाहीत. वेळेवर जेवण, वेळेवर चहा, घर लख्ख. फक्त उंबरा ओलांडायचा नाही. आणि बावीसच्या बावीस कुंड्या उंबऱ्याबाहेर होत्या. मालकांनी नारळ पाडायला येणाऱ्या गड्याच्या बायकोला बोलावलं. ती म्हणाली, देवीने मथूला बसवलंय, त्यात मी हात घालणार नाही. शेजारच्या बाया रोज दोन कळशा आणून देत, पण त्या थेट आत नेऊन ठेवत. मालकांनी हात पुढे केला तर बजावत, "ह्यां मथूक पिवक. कुंड्येक नाय."

मग आमच्या या सायबाने, मालकांनी, स्वतः कळशी उचलली. पायात बूट-मोजे, खांद्यावर कळशी, सत्तर पायऱ्या. विहिरीवरच्या बायकांनी त्यांना अदबीने वाट करून दिली आणि पाठ वळताच पदर तोंडात घातले. तिसऱ्या दिवशी कमरेत उसण भरली. मग ते माझ्याकडे वळले. मी दोन दिवस पाणी वाहिलं, तेही इथे लिहायला हवं. तिसऱ्या दिवशी वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायचे आहेत असं सांगून सुटलो. अखेर परसातलं मचूळ पाणी घालायला सुरुवात झाली.

एप्रिलचं ऊन. आठवड्यात पानांच्या कडा तपकिरी झाल्या, मग करपल्या. फुलं माना टाकू लागली. मालक छत्री घेऊन कुंड्यांवर धरून बसत. कमरेला शेक आणि हातात छत्री, असा तो माणूस आत बसलेल्या बहिणीला एक शब्द बोलू शकत नव्हता, कारण ती देवीचं ऐकत होती. गावात कुणी विचारलं तर मथूताई हात जोडून म्हणत, "आईन सांगल्यान, मी मोडूचंय नाय." मला एवढं समाधान क्वचित कशाने झालं असेल. ते समाधान घेण्याचा मला काय हक्क होता, हा प्रश्न मात्र मी तेव्हा स्वतःला विचारला नाही.

महिना व्हायच्या आत मालक गुरवाकडे गेले. पुन्हा कौल लावायचा. गुरव म्हणाला, "आईच्या तोंडातलो शब्द म्हयन्याभितर फिरवूचो तर कारण सांगूक व्हया. तां पण मोठ्यान, सगळ्यांदेखत."

या वेळी देऊळ भरलं होतं. मालक पाषाणासमोर उभे राहिले आणि काहीतरी पुटपुटले.

"आयकूक नाय येणा," मागून कुणीतरी म्हणालं.

"माझी अँथुरियमां सुकतत म्हणान!" मालक ओरडले.

देवळात असं हसू मी कधी ऐकलं नाही. गुरवसुद्धा तोंड फिरवून उभा राहिला. आपण जन्मभर ज्यांना पायरीवर उभं ठेवलं, ती सगळी माणसं हसताहेत हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं असावं.

बावीस कुंड्यांत एक फूल शिल्लक नव्हतं, तेव्हा कळ्या पिटकुळीच्याच लागल्या. गुरवाने मागच्या वेळचाच प्रश्न, एक शब्द न बदलता विचारला, "कामाक म्हणान उंबऱ्याभायर पाऊल घालूचा काय नको." मालकांना पाण्याचा तेवढा अपवाद मागायचा होता, पण मागच्या वेळी "सगळ्याचाच विचार" असं त्यांनीच सांगितलं होतं. लोक "व्हय म्हाराजा" म्हणून पुरते थांबलेही नव्हते, तोच उजवी कळी खाली आली.

मथूताई त्या दिवशी उंबरा ओलांडून बाहेर आल्या. कुंड्यांमधून, अंगणातून, सरळ ग्रामसेवकाकडे. अर्ज त्यांनी पिशवीत घडी करून ठेवला होता. विहिरीच्या पायऱ्या त्या नंतरही उतरत, पण दिवसाला दोनच कळशांसाठी.

मालक पुढे पाहुण्यांना सांगू लागले, "सदर रोपांचा आम्ही देवीच्या इच्छेस्तव त्याग केला." सात कुंड्या पावसाने जगवल्या. त्या त्यांनी मागच्या दारी नेऊन ठेवल्या आणि पडवीत क्रोटन आणले. क्रोटनला मचूळ पाणी चालतं. काठी तीच, खुर्ची तीच. माणूस बदलला वगैरे काही नाही.

जूनच्या शेवटी माझी कायमची ऑर्डर आली. मी मालवणहून पेढे आणले, कमिटीच्या लोकांना दिले, मालकांना दिले. त्यांनी "अभिनंदन" म्हटलं आणि मी त्यांच्यापुढे वाकून नमस्कार केला. मग उरलेला पुडा घेऊन बालवाडीत गेलो. शाळेच्या मागच्या खोलीत पंधरा-वीस पोरं, मध्ये मथूताई. केसांना तेल, स्वच्छ पातळ, हातात खडू. मला त्यांना एकदाचं सांगून टाकायचं होतं. मनातलं उतरवून मोकळं व्हायचं होतं, दुसरं काय?

"मथूताई," मी म्हणालो, "त्या पहिल्या कौलाच्या वेळी द्रोणात काय होतं, ते मला माहीत होतं."

त्या पोरांच्या पाट्या गोळा करत होत्या. थांबल्या नाहीत. "माका पण ठावक होतां. ती फुलां मीच खुडून दिललंय. दादान सांगल्यान, एक आजचां हाड, एक म्हयन्याचां हाड. मी हाडलंय."

"मग तुम्ही बदलली का नाहीत? तुमच्याच तर हातात होती."

"देवीसमोर खोटा करूचा तर तां दादान करूचा. मी कित्याक करू?"

"निदान बोलायचं तरी होतंत."

आता त्यांनी वर पाहिलं. राग नव्हता त्यांच्या डोळ्यांत. मला तो बरा वाटला असता.

"मी खांबाभायर उभी होतंय, मास्तरानू. बायलमाणसान गाऱ्हाण्यात तोंड घालूचा नाय, तसो रिवाज. तबक घेवन आत तुमी होतास." मग म्हणाल्या, "पोरांक बोलूक तुमीच शिकवतास ना?"

मी पेढ्यांचा पुडा पुढे केला. त्यांनी तो घेतला, हात धुतले, आणि एकेक पेढा मोडून पोरांच्या हातावर अर्धा अर्धा ठेवत गेल्या. स्वतः खाल्ला नाही. शेवटी एक अख्खा उरला. तो त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला.

"ह्यो तुमचो," त्या म्हणाल्या. "तुमीच खावा."

सगळी पोरं माझ्याकडे बघत होती. मी तो खाल्ला.